निसर्गशिबिराचा भार : बेटावरील शिक्षण आणि त्यामागील मनुष्यबळ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळा गावानजीक, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने अंकुशनगर ही वसाहत वाढली. या मुलखातील उसाचे अर्थकारण ज्या पाण्यावर उभे आहे, ते मुख्यत्वे पैठणच्या जायकवाडी धरणातून डाव्या कालव्याने येते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणामागे पसरलेला नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. या प्रकल्पाने शंभराहून अधिक गावे बाधित झाली. बुडालेल्या भूमीतील जे उंचवटे पाण्याबाहेर राहिले, तीच आज नाथसागरातील बेटे होत. त्यांची संख्या सुमारे तीस सांगितली जाते. १९८६ मध्ये या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून हिवाळ्यात येणारे रोहित, पट्टकदंब व नाना जातींची बदके यांमुळे अभ्यासकांचे लक्ष या पाणथळीकडे वेधले गेले.

कालव्याच्या काठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ज्या जलाशयाचे पाणी मिळते, त्या जलाशयाची जीवसृष्टीही त्याने प्रत्यक्ष पाहावी, तेथे चार दिवस राहून निरीक्षण करावे, ही कल्पना कोणासही सुचण्यासारखी आहे. परंतु अशी कल्पना सुचणे आणि ती वर्षानुवर्षे चालू राहणे यांत मोठे अंतर असते. निसर्गशिक्षणाच्या इतिहासात हे अंतर कोणी व कसे तोडले, याचा विचार क्वचितच झालेला आहे. या क्षेत्राचा इतिहास सामान्यतः थोर निसर्गवेत्त्यांच्या चरित्रांतून किंवा कायद्यांच्या क्रमातून सांगितला जातो. शिबिरास आवश्यक असणारा शिधा कोणी आणला, होडी कोणी वल्हवली, हिशेब कोणी ठेवला आणि या कामांचे वेतन कोणास मिळाले व कोणास मिळाले नाही, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेर राहून गेला. प्रस्तुत निबंधात निसर्गशिक्षणाचा विचार याच दृष्टीने, म्हणजे श्रमव्यवस्थेच्या दृष्टीने, करावयाचा आहे. स्वयंसेवकाचा उत्साह संस्था निर्माण करतो, वेतन घेणारा सेवक तिला सातत्य देतो आणि स्थानिक रहिवासी तिला त्या भूमीत रुजवितो. या तिघांपैकी एकाचाही आधार सुटला की संस्था खचते, असे उपलब्ध उदाहरणांवरून दिसून येते.

बेटाचे वैशिष्ट्य

या विचारासाठी बेट हे विशेष सोयीचे क्षेत्र आहे. गावातील शाळेत शिक्षकाचे काम तास संपताच थांबते. त्याचे जेवण, पाणी, निवारा व औषधपाणी यांची तजवीज शाळेबाहेर, बहुधा त्याच्या घरातील स्त्रियांच्या श्रमांतून, होत असते आणि म्हणून शाळेच्या इतिहासात तिची नोंद होत नाही. बेटावर ही विभागणी टिकत नाही. पिण्याचे पाणी, धान्य, सरपण, दिव्याचे तेल, आजारी माणसास काठावर नेण्याची सोय, एवढेच नव्हे तर निर्माण होणारा कचरा परत नेण्याची व्यवस्था, यांतील प्रत्येक गोष्ट होडीतून जाते-येते. होडी आली नाही तर व्याख्यानही होत नाही. अशा स्थळी आचारी, नावाडी व पाणक्या हे व्याख्यात्याइतकेच शिक्षणाचे घटक ठरतात.

यातून श्रमाचे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे काढता येतात. पहिला प्रकार मोबदल्याची अपेक्षा न ठेवता वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांचा. दुसरा संस्थेच्या वेतनपटावरील सेवकांचा. तिसरा, त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि निसर्गाचे ज्ञान उपजीविकेतून मिळविलेल्या लोकांचा. या तिघांचे परस्परसंबंध निरनिराळ्या काळांत कसे बदलले, हे पाहण्यासाठी प्रथम मुंबईकडे वळणे आवश्यक आहे; कारण महाराष्ट्रातील संघटित निसर्गाभ्यासाचा आरंभ तेथे झाला.

मुंबई : हौसेपासून वेतनापर्यंत

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे दोन भारतीय होते. पहिले प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक, तर दुसरे वैद्यक व वनस्पतिशास्त्र यांचे जाणकार. मुंबईतील नवशिक्षित समाजाच्या धर्मसुधारणेच्या व ज्ञानप्रसाराच्या ज्या चळवळी तेव्हा चालू होत्या, त्यांच्याशी या संस्थेचा धागा अशा रीतीने जुळलेला होता. आरंभीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरत. पुढे १८८४ मध्ये एच. एम. फिप्सन या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील जागा संस्थेस दिली. फिप्सन १८८६ पासून १९०६ पर्यंत आणि त्यांच्यामागून डब्ल्यू. एस. मिलार्ड १९२० पर्यंत संस्थेचे मानद चिटणीस होते. म्हणजे पहिली पस्तीस-छत्तीस वर्षे संस्थेचा मुख्य कारभार प्रायः विनावेतन चालला.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी होती. मानद चिटणीस होण्यासाठी मनुष्याचा चरितार्थ अन्य मार्गाने चाललेला असणे अवश्य होते. व्यापार, वैद्यक किंवा सरकारी नोकरी यांतून सवड मिळणारे लोकच हे काम करू शकत. १९११ मध्ये भारतीय सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेण्यात आली, तेव्हा केवळ हौसेवर भागणार नाही, हे उघड झाले. त्या पाहणीसाठी वेतनावर संग्राहक नेमावे लागले आणि त्यांच्या खर्चासाठी वर्गणी जमवावी लागली. पाहणीचा पहिला अहवाल खानदेशासंबंधीचा होता. महिनोन्‌महिने एका प्रदेशात तळ ठोकून राहणे, नमुने गोळा करून ते टिकविणे आणि त्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे, हे रविवारच्या सवडीचे काम नव्हते. संस्थेच्या इतिहासात वेतनी सेवकाचे स्थान येथे पक्के झाले.

संशोधनासाठी पैसा उभा राहिला, तरी शिक्षणासाठी तो टिकला नाही; याचे बोधप्रद उदाहरण डॉ. सालिम अली यांच्या चरित्रात आढळते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गेतिहास विभागात १९२६ मध्ये त्यांची मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. येणाऱ्या विद्यार्थ्यांना व नागरिकांना प्राणिसृष्टी समजावून सांगणे, हे त्या पदाचे काम. दोन वर्षांनी ते अधिक अभ्यासासाठी जर्मनीस गेले. १९३० मध्ये परतल्यावर त्यांना असे आढळले, की पैशाच्या अभावी ते पदच रद्द करण्यात आलेले आहे. निसर्गशिक्षणासाठी निर्माण झालेल्या अगदी आरंभीच्या वेतनी पदांपैकी एकाची ही अखेर होय. त्यानंतर ते अलिबागनजीक किहीम येथे जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, तो पुढे मान्यता पावला.

या घटनेचे स्पष्टीकरण पुष्कळदा एका थोर पुरुषाच्या चिकाटीच्या भाषेत केले जाते. संस्थात्मक इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. पद गेले, तरी माणूस टिकला. कारण घरचा आधार होता. ज्यास असा आधार नव्हता, असा एखादा तितकाच गुणी तरुण त्या पदावर असता, तर तो निसर्गशिक्षणाच्या क्षेत्रातून बाहेर पडला असता आणि त्याचे नावही आज ज्ञात नसते. पुढे सालिम अली यांनी अनेक संस्थानांच्या पक्षिपाहण्या केल्या. त्यांत त्यांची अट अशी असे, की तळाचा व प्रवासाचा खर्च संस्थानाने द्यावा. स्वतःच्या कामाचे वेतन नको. १९३१ मध्ये सुरू झालेली हैदराबाद संस्थानाची पाहणी याच पद्धतीची होती. अंबड व जालना हा सर्व प्रदेश तेव्हा त्याच संस्थानात मोडत असे. मराठवाड्यातील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदींच्या आरंभकाळातील हा एक महत्त्वाचा टप्पा अशा रीतीने वेतन न घेणाऱ्या अभ्यासकाच्या श्रमांवर आधारलेला आहे. त्या पाहण्यांत त्यांच्या पत्नी तहमीना तळाची सर्व व्यवस्था पाहत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. शास्त्रीय अहवालाच्या शीर्षकात तळाच्या व्यवस्थेस स्थान नसते. तथापि तळ नसता, तर अहवालही झाला नसता.

स्वातंत्र्योत्तर काळात परिस्थितीस वेगळे वळण लागले. शाळकरी मुलांसाठी निसर्गसहली व व्याख्याने यांची योजना संस्थेने शासनाच्या साहाय्याने चालविली. संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने शासनाने गोरेगाव येथे, राष्ट्रीय उद्यानास लागून, तेहतीस एकर जमीन दिली आणि तेथे १९९३ मध्ये संवर्धन शिक्षण केंद्र सुरू झाले. भूगोलाच्या परिभाषेत हे स्थळ साष्टी बेटावर आहे. पण पूल, रस्ते व लोहमार्ग यांनी साष्टी केव्हाच मुख्य भूमीशी जोडली गेल्यामुळे ते नावापुरते बेट होय. महत्त्वाची गोष्ट अशी, की १८८३ मध्ये उसन्या जागेत भरणाऱ्या बैठकांपासून स्वतःची भूमी, स्वतःचे शिक्षक व स्वतःचे वेळापत्रक असलेल्या केंद्रापर्यंत येण्यास एकशे दहा वर्षे लागली.

हॉग बेट : वेतनापासून स्वयंसेवेकडे

मुंबईच्या या वाटचालीच्या नेमकी उलट दिशा अमेरिकेतील एका उदाहरणात दिसते आणि तेथे बेट हे खरोखरीचे बेट आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील मस्कॉन्गस उपसागरात हॉग नावाचे सुमारे ३३० एकरांचे अरण्यमय बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील वृक्षतोड थांबविण्याच्या हेतूने मेबल लूमिस टॉड यांनी बेटाचा बराच मोठा भाग विकत घेतला. एमिली डिकिन्सन यांच्या कविता प्रथम संपादित करणाऱ्या म्हणून त्या साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहेत. १९३२ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांची कन्या मिलिसेंट टॉड बिंगहॅम यांनी ते बेट राखण्यासाठी प्रयत्न केले आणि १९३६ मध्ये ऑड्युबॉन संस्थेने तेथे निसर्गशिबिर सुरू केले. कार्ल बुखहाइस्टर हे त्याचे पहिले संचालक. पक्षिविषयक मार्गदर्शिकांमुळे विख्यात झालेले रॉजर टोरी पीटरसन हे आरंभीच्या शिक्षकांपैकी एक.

या शिबिराची मूळ योजना लक्षणीय आहे. ते प्रथम मुलांसाठी नव्हे, तर शिक्षक व युवकसंघटक यांच्यासाठी काढण्यात आले. एका शिक्षकास शिकविले, की त्याच्यामार्फत शेकडो मुलांपर्यंत पोहोचता येते, हा त्यामागील विचार. अर्थात संस्थेने नेमलेले संचालक, शिक्षक, आचारी व नावाडी यांच्यावर हे शिबिर उभे होते. शिबिरार्थी शुल्क देत. परंतु बेटावरील जुन्या लाकडी इमारती, धक्के व होड्या यांची निगा राखण्याचा खर्च केवळ शुल्कातून भागणे कठीण असते. अनेक दशके चालल्यानंतर या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस हे शिबिर बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी शिबिराचे जुने विद्यार्थी व हितचिंतक यांचे जे मित्रमंडळ होते, ते पुढे आले. इमारती रंगविणे, छपरे दुरुस्त करणे, स्वयंपाकघरात राबणे, शिष्यवृत्तीसाठी निधी जमविणे, अशी कामे त्या मंडळाने अंगावर घेतली आणि २०१० मध्ये शिबिर पुन्हा सुरू झाले.

तथापि या पुनरुज्जीवनाचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. स्वयंसेवकांनी सेवकांची जागा घेतली, असे येथे घडलेले नाही. संचालक, शिक्षक व नावाडी ही पदे राहिलीच. स्वयंसेवकांनी त्यांच्यावरील भार हलका केला. शिवाय हे स्वयंसेवक कोठून आले, हेही पाहिले पाहिजे. ते पूर्वी त्याच शिबिरात शिकलेले होते. सेवकांनी दीर्घकाळ चालविलेल्या शिक्षणाने जी निष्ठा निर्माण केली, तीच संकटकाळी कामास आली. अर्थात स्वयंसेवा ही येथे पूर्वीच्या वेतनी श्रमांचे फळ आहे. मुंबईत हौसेने वेतनाची वाट मोकळी केली, हॉग बेटावर वेतनी कामाने हौस जन्मास घातली. दोन्ही ठिकाणी निष्कर्ष एकच निघतो, की या दोन शक्ती एकमेकींस पर्यायी नाहीत.

याच परिसरातील दुसरी एक गोष्ट नाथसागराच्या संदर्भात उपयुक्त ठरते. शिबिरातील एक शिक्षक स्टीफन क्रेस यांनी १९७३ मध्ये जवळच्या ईस्टर्न एग रॉक या बेटावर, तेथून नाहीशा झालेल्या पफिन पक्ष्याची पुन्हा वसाहत करण्याचा प्रयोग आरंभिला. न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून ती वाढविण्यात आली आणि १९८१ मध्ये तेथे पुन्हा वीण झाली. या प्रयोगात माणसांचे शिबिर एका बेटावर आणि पक्ष्यांची वीण दुसऱ्या बेटावर, अशी विभागणी कटाक्षाने पाळली गेली. विणीच्या बेटावर केवळ राखणीसाठी व नोंदीसाठी नेमलेले थोडे लोक राहतात. जेथे पक्षी घरटी करतात, तेथे विद्यार्थ्यांचा मेळा भरवू नये, हा धडा त्यातून मिळतो.

वेळास व नवेगावबांध : स्थानिकांचे स्थान

मुंबई व मेन येथील उदाहरणांत तिसरा घटक, म्हणजे स्थानिक रहिवासी, दुय्यम राहिलेला दिसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या घटकास केंद्रस्थान देणारा एक प्रयोग या शतकाच्या आरंभी झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था २००२ मध्ये समुद्रगरुडांची पाहणी करीत असता, तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात आणि ती अंडी चोरीस जातात, असे तिच्या निदर्शनास आले. भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा फिरून घरटी शोधणे, अंडी कुंपणाच्या आत हलविणे, पिल्ले बाहेर येताच ती समुद्रात सोडणे, हे काम विणीच्या हंगामात रोज, न चुकता करावे लागते. शहरातील स्वयंसेवकास ते शक्य नाही. म्हणून गावातील माणसे मोबदल्यावर नेमण्यात आली आणि किनाऱ्यावरील घरट्यांची त्यांना असलेली माहिती आता रक्षणाच्या कामी आली.

२००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी येणारे पाहुणे गावातील घरांत उतरतात, तेथेच जेवतात आणि त्याचे पैसे त्या त्या कुटुंबास मिळतात. येथे वसतिगृह नाही, वेगळे स्वयंपाकघर नाही. सबंध गाव हेच शिबिर होय. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या श्रमास येथे प्रथमच उघड मूल्य प्राप्त झाले. संरक्षणाचे काम पुढे वनखात्याने व ग्रामस्थांनी चालू ठेवले. आरंभक संस्था बाजूस झाली तरी काम थांबले नाही, यावरून त्याची मुळे किती खोल गेली, हे दिसून येते.

स्थानिकांचे ज्ञान केवळ श्रमापुरते मर्यादित नसते, याची साक्ष विदर्भातील नवेगावबांध येथे मिळते. गोंदिया जिल्ह्यातील या जुन्या तलावात मालडोंगरी नावाचे बेट आहे आणि त्याच्या परिसरात पक्ष्यांची समृद्ध वस्ती आहे. तेथे वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली यांनी आपल्या लेखनात माधवराव पाटील या स्थानिक जाणकाराचे ऋण मानले आहे. पदवीधर अधिकाऱ्यास पक्ष्यांची स्थानिक नावे, त्यांच्या सवयी व तलावाची ऋतुमानानुसार पालटणारी रूपे अशा माणसांकडून शिकावी लागली. वेतन अधिकाऱ्यास मिळते, ज्ञान ग्रामस्थाकडे असते. निसर्गशिबिरात ही विषमता दूर करता आली, तरच तेथील शिक्षण त्या भूमीचे शिक्षण ठरते.

शासन, विद्यापीठे आणि स्वयंसेवेचा प्रश्न

१९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा विद्यापीठांच्या हाती तरुण स्वयंसेवकांचे मोठे बळ आले. ग्रामीण भागातील वार्षिक शिबिर हा त्या योजनेचा प्रमुख भाग आहे. महाराष्ट्रात शिबिर या शब्दास श्रमदानाचा जो अर्थ चिकटला, तो राष्ट्र सेवा दलाच्या व बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये सोमनाथ येथे आरंभिलेल्या छावणीच्या परंपरेतून अधिक दृढ झाला. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षणास अभ्यासक्रमात स्थान देण्याविषयी निर्णय दिला आणि पुढे हा विषय शाळा-महाविद्यालयांत सर्वत्र आला. विषय आवश्यक झाला, पुस्तके छापली गेली, परीक्षा होऊ लागल्या. मात्र क्षेत्रावर नेऊन शिकविणाऱ्या माणसाची तरतूद त्या प्रमाणात झाली नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. स्वयंसेवेचा गौरव करणे म्हणजे शासनास व संस्थांस आपल्या जबाबदारीतून मोकळे करणे होय, असे म्हणता येईल. तो आक्षेप निराधार नाही. सात दिवसांच्या शिबिरास आलेला विद्यार्थी उत्साहाने काम करतो. परंतु आठव्या दिवशी तो परत जातो आणि पुढील वर्षी त्याच्या जागी दुसरा येतो. कोणत्या झाडावर घरटे होते, कोणत्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे नव्हते, होडीत किती माणसे बसविणे सुरक्षित आहे, हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. संस्थेची स्मृती हे वेतनी सेवकाचे मुख्य कार्य आहे. १९३० मध्ये पैशाच्या अभावी रद्द झालेल्या पदाबरोबर एका व्यक्तीची नोकरी गेली, एवढेच नुकसान झाले नाही. प्रतिवर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनुभवाचा साठा जेथे झाला असता, ती जागाच नाहीशी झाली. उलट पक्षी, केवळ वेतनी सेवकांवर सोपविलेले केंद्र हळूहळू नोंदवहीपुरते उरते, ही भीतीही खरी आहे. हॉग बेटाच्या मित्रमंडळाने संस्थेस जो प्रश्न विचारला, की हे बंद का करावे, तो प्रश्न वेतनपटावरील मनुष्य सहसा विचारू शकत नाही.

गोदावरीखोऱ्यातील संभाव्यता

वरील विवेचन नाथसागरास लावून पाहिले असता काही गोष्टी ध्यानात येतात. येथील बेटे स्थिर नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरला, की त्यांचा विस्तार घटतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की ती वाढतात व त्यांतील काही काठास जोडली जातात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. ही जमीन कसणारे शेतकरी आणि जलाशयात मासेमारी करणारे लोक यांची उपजीविका या चढउताराशी बांधलेली आहे. धरणाने ज्यांची गावे उठविली, त्यांच्या दृष्टीने हे बेट केवळ पक्ष्यांचे निवासस्थान नाही. ते बुडालेल्या शिवाराचा अवशेष आहे. त्यांना वगळून येथे निसर्गशिक्षण देऊ पाहणे म्हणजे त्या भूमीचा अर्धा इतिहास गाळून शिकविणे होय. होडी चालविणारा कोळी व गाळपेर करणारा शेतकरी हे येथे मजूर म्हणून न येता शिक्षक म्हणून यावेत, असे वेळास व नवेगावबांध येथील अनुभवावरून म्हणता येते. तसेच मुक्काम काठावर असावा आणि विणीच्या काळात बेटांवर पाऊल टाकू नये, ही मर्यादा ईस्टर्न एग रॉकच्या उदाहरणावरून घेण्याजोगी आहे.

अंकुशनगरसारख्या वसाहतीस या व्यवस्थेचे आकलन होण्यास अडचण पडू नये. सहकारी साखर कारखाना ही मुळातच हंगामी संस्था आहे. भागभांडवल देणारे सभासद, वर्षभर राबणारे कायम कामगार आणि गळीत हंगामापुरते येणारे हंगामी कामगार व ऊसतोडणी मजूर, या तीन थरांच्या परस्परसहकार्यावाचून धुराड्यातून धूर निघत नाही. निसर्गशिबिराची रचना याहून फारशी भिन्न नाही. सभासदाची निष्ठा तेथे स्वयंसेवकाकडे असते, यंत्र जाणणाऱ्या कायम कामगाराचे काम वेतनी शिक्षकाकडे येते. ज्यांच्या श्रमावाचून काहीच हलत नाही, पण ज्यांचे नाव अहवालात येत नाही, त्या ऊसतोडणी मजुराच्या जागी आचारी व नावाडी असतात. या साम्यातून एक गंभीर सूचनाही मिळते. सहकाराच्या इतिहासात तिसऱ्या थराचा प्रश्न सर्वांत उशिरा विचारात घेतला गेला आणि तो आजही सुटलेला नाही. नव्या संस्थेने तीच चूक प्रारंभापासून टाळणे इष्ट होय.

आणखी एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. स्थलांतर करून येणारे पक्षी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नाथसागरावर असतात. गळीत हंगामही स्थूलमानाने त्याच महिन्यांत चालतो. त्यामुळे ज्या दिवसांत दूरदेशीचे पक्षी या जलाशयावर उतरतात, त्याच दिवसांत तोडणी मजुरांची मुले आपल्या गावची शाळा सोडून कारखान्याच्या परिसरात, उसाच्या फडांजवळील कोप्यांत येऊन राहतात. निसर्गशिबिराचे वेळापत्रक आखताना पक्ष्यांच्या आगमनाची तिथी पाहिली जाते. या मुलांच्या आगमनाचीही पाहिली जावी. ज्या शिक्षणाचा लाभ केवळ शुल्क देऊ शकणाऱ्यांस होतो, त्याच्या मागे संकटकाळी उभे राहणारे मित्रमंडळ फार लहान राहते.

साधनांचा प्रश्न

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधनांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका व चरित्रे यांत व्याख्याते, अध्यक्ष आणि देणगीदार यांची नावे मिळतात. श्रमव्यवस्थेचा इतिहास लिहिण्यास ती अपुरी आहेत. त्यासाठी किर्दखतावण्या, हजेरीपट, कोठारातील शिध्याच्या वह्या, होडीच्या फेऱ्यांच्या नोंदी आणि वनरक्षकांच्या रोजनिशा तपासल्या पाहिजेत. ही कागदपत्रे सामान्यतः क्षुल्लक समजून रद्दीत घातली जातात. हयात असलेल्या आचाऱ्यांच्या, नावाड्यांच्या व जुन्या शिबिरार्थींच्या मुलाखती घेणे हे काम तर अधिक निकडीचे आहे. कारण त्यांची स्मृती हेच पुष्कळदा एकमेव साधन असते. जिल्ह्याच्या पातळीवर इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे काम हाती घेतल्यास निसर्गशिक्षणाच्या इतिहासाचा आजवर न लिहिलेला भाग हाती येईल.

१८८३ पासूनच्या या वाटचालीत संस्था चालल्या, थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या. कोणती संस्था का थांबली, याचे उत्तर तिच्या ध्येयवाक्यात सापडत नाही. ते तिच्या वेतनपटात व तिच्या स्वयंपाकघरात सापडते. नाथसागराच्या काठी उद्या जे निसर्गशिक्षण उभे राहील, त्याच्या पहिल्याच वर्षाच्या हजेरीपटात व्याख्यात्याच्या नावाखाली आचाऱ्याचे व नावाड्याचे नाव लिहिले गेले, तर पुढील इतिहासकाराचे काम सुकर होईल आणि त्या संस्थेचे आयुष्यही वाढण्याची शक्यता आहे.